हंगेरीतलं पेच शहर: आईबाबांसोबत काय काय पाहावं?

मृदगंध
नमस्कार मंडळी. मे महिन्यात बुडापेस्टला जायचं ठरतंय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. चालतात, पण चढ आला की थांबत थांबत. बुडापेस्टवर इथे आधीचे दोन-तीन धागे आहेत, ते वाचून झाले. पण दक्षिणेकडच्या पेच (स्थानिक उच्चार 'पेsच') या शहराबद्दल कुठेच काही सापडलं नाही. बाबांना जुन्या शहरांचं वेड आहे. रोमन थडगी आणि तुर्की मशिदी एकाच गावात आहेत असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून हेच घेऊन बसलेत. प्रश्न असे: एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे का? कोणते रस्ते, कोणत्या इमारती अजिबात चुकवू नयेत? लेक कंटाळणार नाही ना?

दर्यावर्दी
बुडापेस्टहून आगगाडीने साधारण तीन तास एका बाजूला. म्हणजे सहा तास गाडीतच. त्यापेक्षा एगेर करा, दोनेक तासांत पोचता. १५५२चा वेढा ज्या किल्ल्याने परतवला तो किल्ला आहे, ४० मीटर उंच तुर्की मिनार आहे आणि त्यावर चढताही येतं. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना प्रवास कमी असावा, असं माझं स्पष्ट मत.

मेघना_ग्राझ
दर्यावर्दी, एगेरच्या त्या मिनारात ९७ पायऱ्या आहेत, तो जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. सत्तरीच्या काकांना तिथे कसं चढवणार? :-)
मृदगंध, पेचला जाच. पण राहायला जा, एक रात्र तरी. मी ऑस्ट्रियात असते, आमचं तिकडे बऱ्याचदा जाणं होतं. दुपारी पोचा, संध्याकाळ मोठ्या चौकात काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी थडगी आणि कॅथेड्रल. जुनं गाव लहान आहे, सगळं पायी होतं. उत्तरेला मेचेकचे डोंगर असल्यामुळे गाव उतारावर वसलंय. त्यामुळे एक युक्ती: दिवसाची सुरुवात वरच्या अंगाने, कॅथेड्रलपासून करायची आणि उतरत उतरत खाली यायचं. बाबांना चढ लागणारच नाही.

रानजाई
+१. एक रात्र हवीच. मोठ्या चौकातली ती तुर्की मशीद (आता चर्च आहे) दिवे लागल्यावर पाहा.

इतिहासवेडा
सविस्तर लिहितो, कारण या गावावर लिहायची संधी क्वचित मिळते.

पेचचं रोमन नाव सोपियाने. चौथ्या शतकात इथे ख्रिश्चन वस्ती होती, आणि त्या लोकांनी आपल्या मृतांसाठी दुमजली वास्तू बांधल्या: जमिनीखाली दफनाची खोली, वर स्मरणासाठी छोटं प्रार्थनास्थळ. वरचे मजले कालौघात पडले, खालच्या खोल्या मातीत शाबूत राहिल्या. २००० साली युनेस्कोने या दफनभूमीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कॅथेड्रलच्या समोरच्या चौकाखालीच हे सगळं आहे. 'चेल्ला सेप्टिकोरा' नावाचं केंद्र आहे, तिथून आत शिरायचं. सात अर्धवर्तुळाकार कोनाडे असलेली ती वास्तू बहुधा पुरी झालीच नाही. तिथून काचेच्या आणि लोखंडी मार्गिकांवरून एकेका खोलीपाशी जाता येतं.

त्यातली पीटर-पॉल खोली १७८२ साली सापडली. तिच्यात तुम्हाला थेट शिरू देत नाहीत, कारण श्वासाच्या दमटपणानेसुद्धा रंग खराब होतात. खालच्या बाजूला उभं राहून काचेतून वर पाहायचं. समोरच्या भिंतीवर ख्रिस्ताच्या चिन्हाच्या दोन बाजूंना पीटर आणि पॉल हात करून उभे आहेत. बाजूच्या भिंतींवर नोहा आहे, समुद्रात फेकला जाणारा योना आहे. छतावर वेली, पक्षी, मोर आणि चार कोपऱ्यांत चार तरुणांचे चेहरे. रंग विटकरी-तांबूस, मधूनमधून हिरवा. सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी बंद होणाऱ्या अंधाऱ्या खोलीत एवढं मन लावून रंगकाम केलं! शेजारी आणखी एक खोली आहे. तिच्या कोनाड्यात फक्त एक सुरई आणि पेला रंगवलाय. मला तर ती जास्त आवडते.

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे सोडू नका.

मृदगंध
बापरे, किती छान लिहिलंत! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणतात, "तिकीट काढ." आत जिने किती आहेत पण?

इतिहासवेडा
जमिनीखाली उतरायचं असल्यामुळे जिने आहेतच, पण टप्प्याटप्प्याने आणि कठडे धरून उतरता येतं. तिकीटखिडकीवर आधीच सांगा, सोपा मार्ग कुठला ते दाखवतात. घाईच्या गटाबरोबर जाऊ नका, एवढंच.

बकुळा
आत गारवा असतो. मे महिना असला तरी आईबाबांसाठी एखादी शाल किंवा स्वेटर पिशवीत असू द्या.

टपरीवरचा_चहा
शाकाहारी लोकांचे हाल होतात का तिकडे? (कुणीतरी विचारायलाच हवं होतं.)

मेघना_ग्राझ
हाल नाही होत. लांगोश म्हणजे तळलेली मोठी भाकरी, वर लसूण, आंबट साय, चीज. लेकीला नक्की आवडेल. 'फोझेलेक' म्हणजे भाजीचं दाटसर कालवण: भोपळ्याचं, पालकाचं, मटाराचं. पण त्यावर मांसाचा तुकडा ठेवून देतात बऱ्याचदा, म्हणून "हूश नेल्क्युल" म्हणायचं, म्हणजे मांसाशिवाय. आणि सूप शाकाहारी आहे असं सांगितलं तरी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. हा प्रश्न लोकांना अपमानास्पद वाटत नाही, नीट उत्तर देतात.

टपरीवरचा_चहा
धन्यवाद ताई, जाणार नाहीये पण भूक लागली.

सदू_कारखानदार
झोल्नाय बद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? आमचं घराणं सिरॅमिकच्या धंद्यातलं, त्यामुळे मी या गावी गेलो तो मुळात त्यासाठीच.

१८५३ साली झोल्नाय कुटुंबाने इथे मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. पुढे विल्मोश झोल्नायच्या हाती तो आला आणि त्याने त्याचं जगभर नाव केलं. त्यांनी दोन गोष्टी साधल्या. एक, 'पायरोग्रॅनाइट'. हा मातीचाच प्रकार, पण उच्च तापमानाला भाजलेला, थंडी-बर्फाने न फुटणारा. बुडापेस्टच्या मॅथियास चर्चवरची, उपयोजित कला संग्रहालयावरची जी रंगीत कौलं तुम्ही बघाल ती सगळी पेचची. दुसरी, 'इओझिन'. १८९३च्या सुमाराचा हा लखलखीत लेप. त्यात धातूंचे क्षार असतात, भट्टीत प्राणवायू कमी करून भाजतात, आणि मग पृष्ठभागावर धातूचा अतिशय पातळ थर उतरतो. आपली धूपछाव पैठणी हलवली की रंग पालटतो ना, तसं. एका बाजूने हिरवं, दोन पावलं सरकलात की निळं-जांभळं, मध्येच सोनेरी.

मोठ्या चौकाच्या खालच्या टोकाला झोल्नाय कारंजं आहे, १९३० साली तिथे बसवलेलं. चार बाजूंना चार बैलांची डोकी, त्यांच्या तोंडातून पाणी. नाज्सेंतमिक्लोशच्या सोन्याच्या खजिन्यात जे बैलाच्या तोंडाचं पानपात्र आहे, त्यावरून ही डोकी घेतली आहेत. दुपारी ऊन तिरपं झालं की जा. लोकांनी हात लावून लावून नाकपुड्यांजवळचा लेप गुळगुळीत झालाय. मी तिथे किती वेळ उभा होतो ते मलाच आठवत नाही.

रानजाई
सदूभाऊ, जुन्या कारखान्याच्या आवारात आता झोल्नाय सांस्कृतिक परिसर केलाय, तोही सांगा ना.

सदू_कारखानदार
हो, तेच लिहिणार होतो. २०१० साली पेच युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, त्या निमित्ताने कारखान्याच्या जुन्या इमारती दुरुस्त करून तिथे संग्रहालयं, कठपुतळी नाट्यगृह वगैरे केलं. लेकीसाठी उत्तम. उत्पादनाचा काही भाग अजून तिथेच चालतो. ज्युज्यी नावाच्या संग्राहकाचा खासगी संग्रह तिथे मांडलाय, झोल्नायच्या भरभराटीच्या काळातल्या वस्तू. तो बघाच. आणि जरा पलीकडे टेकडीवर झोल्नाय कुटुंबाची समाधी आहे. तिच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मिळून ४२ सिंह बसलेत.

बकुळा
लेकीला सिंह मोजायला लावा, आजी-आजोबा तेवढ्यात निवांत वर पोचतील :-)

अभ्यासू_मित्र
मला एक खटकलं. चौकातली मशीद आता चर्च आहे, आणि सगळे तिचं कौतुक करताहेत. धर्मस्थळ बदलणं ही काय कौतुकाची गोष्ट आहे का?

इतिहासवेडा
अभ्यासू_मित्र, विचारलंत ते बरं झालं. क्रम बघा. तिथे आधी संत बार्थोलोम्यूचं चर्च होतं. १५४३ साली तुर्कांनी शहर घेतलं, आणि त्या चर्चचे दगड वापरून पाशा कासिमने मशीद बांधली. १६८६ साली शहर पुन्हा ख्रिश्चन सत्तेखाली आलं आणि मशीद जेझुइट पाद्र्यांकडे गेली. १८व्या शतकात त्यांनी मिनार पाडला. पुढे इमारतीवर बरोक थाटाची भर पडत गेली. आणि मग विसाव्या शतकात, १९३९ ते १९४२ दरम्यान, काय केलं तर ती भर काढून तुर्की रूप पुन्हा उघडं केलं आणि मागच्या बाजूला नवं अर्धवर्तुळाकार दालन जोडलं. म्हणजे चर्चला जागा तर हवीच होती, पण मशिदीवर घाला न घालता. त्यामुळे आज आत गेलात तर एका भिंतीत मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) आहे, घुमटाखाली टोकदार कमानीच्या खिडक्या आहेत, अरबी अक्षरं आहेत, आणि बाकं नव्या वेदीकडे तोंड करून मांडलेली. बाहेरून पाहिलं तर हिरव्या घुमटावर चंद्रकोर आणि क्रूस दोन्ही. इमारत चौकाच्या कडांशी तिरकी उभी आहे, कारण ती मक्केच्या दिशेला बांधलेली आहे आणि चौकाची आखणी वेगळी.

मला यात कौतुक वाटतं ते १९३९च्या माणसांचं. ज्यांनी ती जागा ताब्यात ठेवूनही आधीच्या बांधणाऱ्यांची सही पुसली नाही.

अभ्यासू_मित्र
पण मिनार तर पाडलाच ना. सही निम्मी पुसली म्हणायची.

इतिहासवेडा
तो १८व्या शतकातल्यांचा निर्णय. त्याचं समर्थन मी करत नाही.

मेघना_ग्राझ
मिनार शाबूत असलेली मशीद पाहायची असेल तर याकोवाली हसन पाशाची पाहा, जुन्या गावाच्या पश्चिम टोकाला. १६व्या शतकातली आहे. हंगेरीत मशीद आणि मिनार दोन्ही पुरे राहिलेली ही एकच. मिनारावर चढता येत नाही, पण आत संग्रहालय आहे, लहानसं आणि शांत. लोक मोठ्या मशिदीवरूनच परत फिरतात आणि ही राहून जाते. शिवाय रोकुश टेकडीवर इद्रिस बाबा यांची कबर आहे, १५९१ची. आठ बाजूंची, घुमट, आणि आत साधी कबर. चढ आहे मात्र. तुमच्या बाबांना टॅक्सीने न्या.

आजोबा_साताऱ्याचे
चर्चा वाचतो आहे. उत्तम. आमच्यासारख्यांसाठी एक सूचना: कॅथेड्रलच्या आत बसायला बाकं आहेत आणि चित्रं पाहायची तर मान वर करूनच पाहावी लागते, तेव्हा बसूनच पाहावी. चार मनोरे असलेलं ते कॅथेड्रल बाहेरून अगदी एकसंध दिसतं, कारण आजचं रूप १८८२ ते १८९१ या काळातलं, व्हिएन्नाच्या फ्रीड्रिख फॉन श्मिटचं. मूळ मात्र ११व्या शतकातलं. धर्मप्रांताची स्थापना तर १००९ची.

निवांत_प्रवासी
कॅथेड्रलच्या समोर बिशपचा वाडा आहे. त्याच्या गच्चीच्या कठड्यावर एक माणूस रेलून खाली बघत उभा असतो. तो संगीतकार फ्रान्झ लिस्टचा पुतळा आहे! १८४६ साली तो इथे आला होता. आमच्या सासरेबुवांनी त्याला हात केला, त्याने काही उत्तर दिलं नाही म्हणून जरा रागावलेच.

टपरीवरचा_चहा
=)) =))

केशर_आंबा
रस्त्यांबद्दल विचारलं होतं ना मूळ धाग्यात? काप्तालान रस्ता घ्या. एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूलाही जुनीच, आणि जवळपास प्रत्येकात संग्रहालय. झोल्नाय संग्रहालय ज्या घरात आहे ते गावातलं सर्वांत जुनं राहतं घर समजलं जातं, १३२४च्या कागदपत्रांत उल्लेख आहे. समोरच वासारेलीचं संग्रहालय. तो याच गावात १९०६ साली जन्मला. भौमितिक आकारांनी डोळ्यांना चकवा देणारी त्याची चित्रं. तुमच्या लेकीला मशिदी नाही आवडल्या तरी हे आवडेल. सपाट कागदावर फुगलेला चेंडू दिसतो तिथे मुलं हलतच नाहीत.

तिथून यानुस पानोनियुस रस्त्याने खाली उतरलं की प्रेमिकांनी लावलेल्या कुलपांचं जाळीचं कुंपण लागतं. आणि त्याच रस्त्यावर चोंतवारी संग्रहालय.

बाभूळ
चोंतवारी!! यावर मी स्वतंत्र धागा काढणार होतो. हा माणूस पेशाने औषधविक्रेता. पुढे चित्रकार होण्याचं वेड घेतलं, लेबनॉन, सिसिली, पॅलेस्टाइन फिरला. 'बाल्बेक'चं चित्र १९०६चं, सात मीटर रुंद. समोर उभं राहिलं की एका नजरेत मावत नाही. आयुष्यभर कुणी फारसं विचारलं नाही. १९१९ साली वारला, तेव्हा वारसांनी ते भलेमोठे कॅनव्हास गाडीवर घालायच्या ताडपत्रीसाठी विकायला काढले. मोजून कापडाच्या भावाने. गेदेओन गेर्लोत्सी नावाचा तरुण वास्तुविशारद भाड्याची जागा शोधत तिथे पोचला, त्याने जास्त बोली लावली आणि सगळी चित्रं वाचवली. नसता तो आला तर आज हंगेरीच्या रस्त्यांवर ती चिखलात गेली असती.

मी तिथे दुपार काढली. इतर काही पाहिलं नाही आणि त्याची हळहळ अजिबात नाही. जाण्याआधी प्रदर्शन सुरू आहे ना ते पाहून जा, कारण चित्रं अधूनमधून दुसरीकडेही नेतात.

मृदगंध
थांबा थांबा! यादी वाढत चाललीय. एका रात्रीत बसेल का हे?

दर्यावर्दी
बघा, म्हणून मी एगेर म्हणत होतो. तिथे यादीच छोटी.

रानजाई
दर्यावर्दी तुम्ही एगेरचा धागा काढा बघू, आम्ही येतो तिथे.

मुशाफिर_३२
कुणीही सिनेगॉगबद्दल (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराबद्दल) बोललं नाही. कोशुत चौकातलं, १८६९चं. त्यातलं ऑर्गन आंग्स्टर कारखान्याचं, पेचमध्येच बनलेलं. आत जाताना लक्षात ठेवा: जुलै १९४४ मध्ये इथल्या ज्यू समाजाला ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेलं. फार थोडे परत आले. आज इतकं मोठं मंदिर मूठभरांचं राहिलंय. इतिहासवेडा यांनी दगडांच्या सह्यांबद्दल लिहिलं, ही पण त्या गावाची सही आहे. पर्यटकांच्या घाईत हे सुटू नये असं वाटतं.

इतिहासवेडा
मुशाफिर, अगदी बरोबर. आभार.

केशर_आंबा
किराय रस्ता राहिला. गाड्यांना बंदी असलेला, कॅफेंचा. १८९५चं राष्ट्रीय नाट्यगृह, पुढे पालाटिनुस हॉटेल. तिथे संगीतकार बार्टोकने १९२३ साली वाजवलं होतं. आईबाबांनी एखाद्या कॅफेत खुर्ची टाकून बसावं, तुम्ही लेकीला घेऊन पुढे झोल्नाय परिसराकडे चालत जावं. रस्ता सरळ पूर्वेला जातो, पंधरा-वीस मिनिटं.

शेवंती
कुणी हावीहेजचं बदामाचं झाड बघितलंय का? २०१९ साली ते युरोपचं 'वर्षातलं झाड' ठरलं होतं. टेकडीवरच्या छोट्या चर्चच्या बाजूला एकटं उभं. यानुस पानोनियुस, १५व्या शतकातला इथला बिशप-कवी, त्याने हिवाळ्यात फुललेल्या बदामावर लिहिलंय. तुम्ही मेमध्ये जाताय म्हणजे फुलं नसतील, पण तिथून गावाची कौलं आणि घुमट सगळे एकदम दिसतात. तेत्ये इथल्या जुन्या वाड्याचे भग्नावशेषही जवळ आहेत. हा भाग बसने करायचा.

मृदगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी वही काढून हे लिहून घेतलं आहे:
पहिला दिवस: दुपारी पोचणे, मशीद-चर्च, झोल्नाय कारंजं, किराय रस्ता, रात्री चौक.
दुसरा दिवस: वरून सुरुवात, कॅथेड्रल, दफनभूमी, काप्तालान रस्ता, चोंतवारी. दुपारनंतर झोल्नाय परिसर (लेक आणि आम्ही), बाबा मात्र हसन पाशाच्या मशिदीत.
तिसरा दिवस: जमल्यास सिनेगॉग, मग परतीची गाडी.
म्हणजे एक नाही, दोन रात्री. गुरुवारी निघावं की रविवारी?

मेघना_ग्राझ
रविवारी निघालात तर दुसरा दिवस सोमवार येईल, आणि तिथली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. गुरुवारी निघा. मग सिनेगॉग मात्र शनिवारवर येतं, आणि शब्बाथमुळे (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) ते त्या दिवशी बंद. तेव्हा ते पहिल्या दिवशी घ्या. कोशुत चौक कारंजापासून अगदी जवळ आहे, पोचल्यावर आधी तिकडेच जा.

सदू_कारखानदार
आणि कारंजापाशी बाबांना सांगा, बैलाच्या नाकपुडीला हात लावून बघायला.